पॅजेट विकार, स्तनेतर

जननेंद्रिये, गुदद्वाराभोवतीची त्वचा व क्वचित काख येथे होणारा विरळा त्वचाकर्करोग. बहुतेक रुग्ण साठीपुढचे असतात. पाश्चात्त्य देशांत तो स्त्रियांच्या भगोष्ठांवर, तर जपानमध्ये पुरुषांच्या वृषणकोशावर अधिक आढळतो. लाल, ओलसर, खाजरा चट्टा नायटा किंवा इसब समजला जातो. स्टेरॉइड मलमाने खाज शमते, चट्टा मात्र पसरत राहतो आणि निदान लांबते.

ब्रिटिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये स्तनाग्राचा असाच विकार वर्णिला. वृषणकोश व शिश्नावरील रुग्ण ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ क्रॉकर यांनी 1889 मध्ये नोंदविला. त्याच सुमारास फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांना यातील मोठ्या, फिकट पेशी म्हणजे परजीवी एकपेशीय जीव वाटले. हे मत टिकले नाही. पेशींचे मूळ मात्र अजून वादात आहे. जुन्या मतानुसार त्या खालच्या स्वेदग्रंथींच्या कर्करोगातून वर चढतात. परंतु बऱ्याच रुग्णांत तसा कर्करोग सापडत नाही, त्यामुळे हा विकार बाह्यत्वचेतच सुरू होतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते. तिथेही ग्रंथिनलिकेच्या पेशी, बहुक्षम (अनेक प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या) मूलपेशी, टोकर पेशी (मुख्यतः स्तनाग्राच्या बाह्यत्वचेत आढळणाऱ्या फिकट पेशी) व भगाजवळील स्तनसदृश ग्रंथी असे पर्याय सुचविले गेले आहेत. सर्व रुग्णांना एकच उगम लागू असावा, असे मानण्याचे कारण नाही.

काही रुग्णांत विकार दुय्यम असतो, म्हणजे मलाशय किंवा मूत्राशयाच्या कर्करोगातून त्वचेत आलेला. बायोप्सीत (ऊतीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सायटोकेराटिन 7 व जीसीडीएफपी-15 ही पेशींची ओळख पटविणारी प्रथिने आढळणे आणि सायटोकेराटिन 20 नसणे प्राथमिक विकाराकडे बोट दाखविते. सायटोकेराटिन 20 आढळल्यास आतड्याची व मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी आवश्यक ठरते. बोवेन विकार (बाह्यत्वचेतील चपट्या पेशींचा कर्करोग) व मेलॅनोमा (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग) वगळावे लागतात.

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. पेशी दृश्य कडेपलीकडे बेटांसारख्या विखुरलेल्या असतात, म्हणून कडेपासून साधारण 1 ते 3 सेंमी. निरोगी त्वचाही काढतात. तरीही विकार उलटतो. कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत थर काढण्याच्या मोह्स पद्धतीत पुनरुद्भव कमी दिसतो. त्वचेच्या वरच्या थरापुरता विकार असल्यास 5 टक्के इमिक्विमॉड (त्वचेतील प्रतिकारशक्ती चेतविणारे औषध) मलम आठवड्यातून साधारण 3 वेळा, 16 आठवडे लावतात. दाह फार झाल्यास मध्ये थांबवितात. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना प्रारण (किरणोपचार) देतात. अंतस्त्वचेत (बाह्यत्वचेखालच्या थरात) शिरकाव झाल्यास जांघेतील लसीका ग्रंथी तपासतात. दूरवर पसरलेल्या विकारात डोसिटॅक्सेल हे कर्करोगविरोधी रसायन, आणि पेशींची वाढ चेतविणारे एचईआर-2 प्रथिन अधिक असल्यास त्याला रोखणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड वापरतात. पुनरुद्भव अनेक वर्षांनीही होत असल्याने तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते.