आखाजीचा डाव, आखाजीचा झोका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी खान्देशातल्या गावात दोन खेळ रंगतात. माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात आणि पारावर, गोठ्यात, जागा मिळेल तिथे पुरुषांचे पत्ते पडतात. एरवी जुगाराला नाक मुरडणारा माणूसही त्या दिवशी झन्नामन्नात शंभराची नोट लावतो. लहानपणी मी आत्याला विचारलं होतं, तुम्ही का नाही खेळत? "मना हातमा पैसा ऱ्हास का?" एवढंच म्हणून तिने झोक्याला असा रेटा दिला की फांदी करकरली.

पुरुष धोका पत्करतो, बाई जपून वागते, असं आपण धरूनच चालतो. मानसशास्त्रज्ञांनी ते मोजून पाहिलं आहे. १९९९ मध्ये जेम्स बर्न्स आणि सहकाऱ्यांनी धोका पत्करण्यावरचे १५० अभ्यास एकत्र तपासले. फरक निघाला, तोही पुरुषांच्याच बाजूने. पण केवढा? संख्याशास्त्राच्या मापात सरासरी ०.१३. म्हणजे डोळे मिटून एक पुरुष आणि एक बाई निवडा, असं शंभरदा करा. साधारण ५४ वेळा पुरुष जास्त धाडसी निघेल, ४६ वेळा बाई. उंचीवर हाच खेळ लावला तर नव्वदहून जास्त वेळा पुरुषच उंच ठरतो. एवढ्याशा फरकावर आपण केवढ्या म्हणी रचल्या आहेत!

बरं, हा फरक तरी जन्मजात का? उरी नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांचा २००९ मध्ये छापून आलेला प्रयोग मला इथे फार आवडतो, कारण त्याला फक्त एक बादली आणि टेनिसचा चेंडू लागला. बादली ३ मीटरवर, फेकी १०. खेळण्याआधी प्रत्येकाने निवड करायची: बादलीत पडलेल्या प्रत्येक चेंडूमागे ठरलेले पैसे घ्यायचे, की न दिसणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याशी चुरस लावायची? जिंकलात तर चेंडूमागे तिप्पट, हरलात तर काही नाही. टांझानियातल्या पुरुषप्रधान मासाई समाजात ५० टक्के पुरुषांनी चुरस निवडली, बायकांपैकी फक्त २६ टक्क्यांनी. मग हाच खेळ मेघालयात खासी लोकांत झाला. तिथे घराणं आईकडून चालतं, वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीकडे जातं. तिथे ५४ टक्के बायकांनी चुरस निवडली आणि ३९ टक्के पुरुषांनी. खेळणारे दोन्हीकडचे मिळून दीडशेच्या आसपासच होते, त्यामुळे याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण आकडे उलटले हे खरं, आणि पाठोपाठ मला आत्याचा तो प्रश्न आठवला.

'नगामागे ठरलेले पैसे' हा पर्याय आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावा लागणार नाही. कापसाची वेचणी किलोवरच असते. संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढतं तेव्हा कुणाचं किती भरलं यावर सगळ्यांची नजर असते. बायकांत चुरस नसते असं ज्याला वाटतं, त्याने त्या काट्याजवळ उभं राहून पाहावं.

मग धाडस पुरुषाचं, ही वाटणी आली कुठून? डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये बोट दाखवलं ते नांगराकडे. जिथे कुदळीची शेती होती तिथे बायका शेतात बरोबरीने राबल्या. नांगराला मनगटात आणि खांद्यात जोर लागतो, म्हणून जिथे तो आला तिथे शेत पुरुषाचं झालं आणि घर बाईचं. २०१३ मध्ये आलेसिना, जुलियानो आणि नन यांनी हे जगभरच्या आकडेवारीवर तपासलं. ज्यांचे पूर्वज नांगर धरत, त्यांच्यात आजही बाईने बाहेर कमवावं याला अनुकूल मत कमी आढळलं. परदेशी स्थायिक झालेल्यांच्या पुढच्या पिढीतही ही छटा टिकून होती. नांगर सुटतो, मत सुटत नाही.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत हे गणित सरळ बसत नाही, कारण औत पुरुषाचं असलं तरी निंदणी आणि वेचणी बायकांचीच. शेत तिला कधी सुटलंच नाही. सुटलं ते बियाणं कोणतं घ्यायचं, उधारी किती करायची, कापूस कधी विकायचा हे ठरवणं. धोका तिथेच असतो.

औताला लागणारा जोर आता ट्रॅक्टरने घेतला आहे. स्टिअरिंग फिरवायला खांद्याची ताकद लागत नाही. तरी यावल-रावेरच्या रस्त्यावर मला मजूर बायकांनी भरलेली ट्रॉली रोज दिसते, ट्रॅक्टर चालवणारी बाई क्वचित.