पुनर्भरणाची दारू

पुनर्भरणाची दारू : झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरताना तिच्यात घालावयाची धूररहित दारू. प्रस्तुत नोंदीत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या काडतुसांपुरताच विचार केला आहे. काडतुसाच्या चार घटकांपैकी पितळी पुंगळी तेवढी पुनःपुन्हा वापरता येते. तळाची टोपी (आघाताने पेटून दारू पेटविणारी), दारू आणि गोळी दर वेळी नवी लागते. घरच्या घरी काडतुसे भरण्याची रीत मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजली. तेथे आयडियल या कारखान्याची हातसाधने १८८४ पासून मिळू लागली. पुढे १९२५ मध्ये तो कारखाना लायमन कंपनीकडे गेला. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यावाचून काडतुसे बनविता येत नाहीत. स्फोटकांवरील नियंत्रण नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे.

सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू मापाने भरली तरी चालते. कोकणातील ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधीचा बोळा व छर्रे गजाने ठासतात, तेथे चिमूटभर इकडेतिकडे झाल्याने सहसा बिघडत नाही. धूररहित दारूत ही सवलत नाही. पॉल व्हियेय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजपासून ‘पूद्र बे’ ही दारू सिद्ध केली. तिच्या नावातील ‘बे’ या अक्षराविषयी दोन मते आहेत. एका मते ते जनरल बूलांझे यांच्या सन्मानार्थ, तर दुसऱ्या मते ‘ब्लांश’ म्हणजे पांढरी या शब्दाचे आद्याक्षर होय. बूलांझे युद्धमंत्री झाले ते १८८६ च्या जानेवारीत, म्हणजे दारूचा शोध लागून गेल्यावर. शिवाय ‘काळी’ला विरोधी म्हणून ‘पांढरी’ हा अर्थ सरळ बसतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नोबेल यांच्या बॅलिस्टाइटपासून (१८८७) नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळलेल्या द्विघटकी दारूची परंपरा सुरू झाली. पिस्तुलाच्या अनेक दारू याच वर्गातील आहेत.

निवडीचा मुख्य निकष जळण्याचा वेग. पिस्तुलाची नळी आखूड, पुंगळी लहान आणि गोळी नळीत अत्यल्प काळ असते. म्हणून रायफलीच्या मानाने पुष्कळच वेगाने जळणारी दारू लागते. वेग दोन प्रकारे राखतात : कणाचा आकार (चकती, गोलक, कांडी) बदलून आणि कणावर ज्वलन मंदावणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन. गोलक दारूची पद्धत फ्रेड ऑल्सेन यांनी वेस्टर्न काडतूस कंपनीत १९३० नंतरच्या काही वर्षांत विकसित केली. वेगाचे क्रमतक्ते सर्वत्र छापले जातात, पण त्यांवरून दारू आधी की नंतर एवढेच कळते, किती ते कळत नाही. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारू एकीच्या जागी दुसरी म्हणून वापरता येत नाहीत, कारण बंद पात्रातील चाचणीतला क्रम पुंगळीतल्या दाबाखाली बदलू शकतो. उलट, नावे दोन आणि दारू एकच असेही घडते. हॉजडन कंपनीची एचपी-३८ व विंचेस्टर २३१ ही एकच दारू आहे. एच११० व विंचेस्टर २९६ यांचेही तसेच.

दाबाची मर्यादा काडतुसागणिक ठरलेली असते. अमेरिकेत ती १९२६ मध्ये स्थापन झालेली उत्पादकांची संस्था ‘सामी’ ठरविते. .३८ स्पेशलसाठी ती दर चौरस इंचास १७,००० पौंड, .४५ एसीपीसाठी २१,००० आणि ९ मिमी. ल्यूगरसाठी ३५,००० पौंड आहे. हलक्या नेमबाजीसाठी बुल्सआयसारखी जलद दारू घेतात. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा १८९८ मध्ये, बाजारात आली व अजून विकली जाते. मध्यम भारासाठी ‘युनिक’ आणि अधिक जोरकस अशा मॅग्नम काडतुसांसाठी ‘२४००’ किंवा एच११० या नावांच्या दारूंसारखी मंद दारू वापरतात.

.३८ स्पेशलची पुंगळी हा या विषयातला सर्वांत अडचणीचा प्रश्न होय. हे काडतूस १८९८ (काहींच्या मते १८९९) मध्ये काळ्या दारूसाठी आखले गेले आणि त्याच्या पुंगळीत त्या दारूचे सुमारे २१ ग्रेन मावत (१ ग्रेन = ६४.८ मिग्रॅ.). बुल्सआयचे लक्ष्यवेधी भरण जेमतेम तीन ग्रेनच्या आसपासचे. म्हणजे पुंगळी बरीचशी रिकामी राहते आणि चुकून दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. अशा हलक्या भरणाने रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या घटनांचे स्पष्टीकरण काहींनी ‘अल्पभाराचा विस्फोट’ असे दिले. या मताप्रमाणे आडव्या पसरलेल्या दारूच्या पृष्ठावरून ज्योत एकदम फिरते व दाब अनावर चढतो. मोठ्या पुंगळीच्या रायफलीत मंद दारूचे भरण फार कमी केल्यास दाब अवचित उसळतो, याला पुष्कळ आधार आहे. पिस्तुलाच्या जलद दारूत मात्र तसे प्रयोगशाळेत खात्रीने घडवून दाखविता आलेले नाही. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे : पुंगळीत दारू दोनदा पडली. भरणाऱ्याला ते आवडत नाही, कारण त्यात दोष दारूचा राहत नाही. पण तेच अधिक संभाव्य दिसते.

एच११० ची गोष्ट याहून वेगळी. तिचे भरण छापील प्रमाणापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असे उत्पादकच बजावतो. कमी भरल्यास ती नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीतच अडकून बसू शकते. पुढचा बार त्या अडकलेल्या गोळीवर होतो.

म्हणून जाणते लोक वेगाइतकेच आकारमानालाही महत्त्व देतात. युनिकसारखी फुगीर दारू पुंगळी बऱ्यापैकी भरते, त्यामुळे दुहेरी भरण नजरेत येते. मात्र तिच्या चकत्या मापकातून सारख्या पडत नाहीत. गोलक दारू पाण्यासारखी वाहते व माप अचूक देते, पण तळाशी इतकी थोडी दिसते की डोळा फसतो. लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करून, गोळ्या बसविण्यापूर्वी दिवा तिरपा धरून प्रत्येकीत डोकावतात, ते यासाठीच. किंमत दुय्यम ठरते : पौंडात ७,००० ग्रेन, तेव्हा पाच ग्रेनच्या भरणाने १,४०० काडतुसे होतात. भरणाचे आकडे उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यावे लागतात. सुरुवात तिथल्या किमान आकड्यापासून करतात.

साठवणीबाबत अमेरिकन अग्निसंरक्षण संहितेनुसार राहत्या घरात २० पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यात ठेवता येते; त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीची लाकडी पेटी लागते. दारू दुसऱ्या बाटलीत ओतणे सर्वत्र निषिद्ध मानतात. दारूत डायफिनिलअमाइनसारखे स्थिरकारी द्रव्य असते; उष्णतेने ते संपत जाते. चांगल्या दारूला ईथरसारखा वास येतो. बिघडलेलीला आंबट, झोंबणारा वास येतो, डबा उघडताच तांबूस वाफ दिसते आणि पत्र्याचे झाकण आतून गंजलेले असते.