रॉजर स्क्रूटन यांचा सौंदर्य, राजकारण व परंपरा यांविषयीचा विचार

ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटन (२७ फेब्रुवारी १९४४–१२ जानेवारी २०२०) यांच्या लेखी सौंदर्यशास्त्र आणि राजकारण ही एकाच प्रश्नाची दोन अंगे होती : वाट्याला आलेले जग माणसाने आपले घर म्हणून कसे सांभाळावे? मे १९६८ मधील विद्यार्थी-आंदोलनात झालेली पॅरिसची मोडतोड खिडकीतून पाहताना आपण राखणाऱ्यांच्या बाजूचे आहोत, हे त्यांना उमगले. मराठीत रूढ झालेल्या ‘पुराणमतवाद’ या शब्दातून जुन्याचा हट्ट ध्वनित होतो. स्क्रूटन यांच्या भूमिकेला ‘जतन’ हा शब्द अधिक जवळचा आहे.

त्यांचा सौंदर्यविचार कलादालनात सुरू होत नाही. दाराची चौकट बसवणारा सुतार माप जुळल्यावरही दोन पावले मागे सरून ती नीट दिसते का, हे पाहतो. त्या पाहण्यात, त्या घरात पुढे वावरणाऱ्यांचा विचार आधीच आलेला असतो. २००९ च्या बीबीसी माहितीपटात त्यांनी रेडिंग शहरातील ओस पडलेल्या, भिंती रंगाने बरबटलेल्या इमारती दाखवल्या. केवळ उपयोगासाठी बांधलेल्या या वास्तू कुरूपतेमुळेच निरुपयोगी ठरल्या, हा त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

परंपरा म्हणजे अनेक पिढ्यांनी चुकतमाकत शोधलेली उत्तरे, आणि समाज म्हणजे मृत, जिवंत व अजून न जन्मलेले यांचे नाते, हे अठराव्या शतकातील ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांचे सूत्र त्यांनी पुढे नेले. घराविषयीच्या या ओढीला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘ओइकोफिलिया’ असे नाव दिले आणि पर्यावरणरक्षणाचा पायाही तिच्यातच शोधला.

कम्युनिस्ट राजवटीतील चेकोस्लोव्हाकियात खासगी घरांमध्ये चोरून भरणाऱ्या अभ्यासवर्गांत त्यांनी व्याख्याने दिली व त्यासाठी ग्रंथ आणि निधी पोहोचवण्यात भाग घेतला. १९८५ मध्ये ब्रनो येथे त्यांना ताब्यात घेऊन देशाबाहेर काढण्यात आले. १९९८ मध्ये चेक प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव्ह हावेल यांनी त्यांचा सन्मान केला.

परंपरेने ज्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले, त्यांनी ते घर आपले का मानावे, या आक्षेपाला मात्र त्यांच्या लेखनात पुरेसे उत्तर सापडत नाही. स्थलांतरितांविषयीच्या त्यांच्या विधानांवर तीव्र टीका झाली. ब्रिटिश सरकारच्या गृहबांधणीविषयक आयोगाच्या अध्यक्षपदावरून त्यांना २०१९ मध्ये दूर करून काही महिन्यांनी पुन्हा सहअध्यक्ष नेमण्यात आले. त्यांच्या निधनानंतर त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या अहवालात रस्तोरस्ती झाडे आणि प्रत्येक नव्या घरामागे एक फळझाड लावण्याची शिफारस आहे.