पाणी शिरतं एकीकडे, पत्रा सडतो दुसरीकडे

मृगाचा पहिला पाऊस झाला की कोकणातल्या जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बेसिडरवाल्यांची ठरलेली तक्रार सुरू होते: ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचतंय. मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी येते, पुढच्या काचेच्या रबराभोवती बोटाने फासली जाते आणि पाणी थांबल्यासारखं वाटतं. दोन पावसाळ्यांनी कुणी ते रबर काढलंच, तर खालची पत्र्याची कड भिजल्या बिस्किटासारखी हातात येते. गळती भलत्याच जागी बुजवलेली असते, भलत्याच पदार्थाने बुजवलेली असते आणि आत गेलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही तिच्याबरोबर बंद झालेली असते. यातलं शेवटचं सगळ्यात महागात पडतं.

या गाड्यांची घडण आधी समजून घ्यायला हवी. १९६४ची फियाट ११०० डिलाइट १९७४पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली. अ‍ॅम्बेसिडर मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, २०१४पर्यंत बनत होती. दोघींनाही जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा नाही. सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर, त्यातही दाराखालच्या उंबऱ्यावर, म्हणजे सिलच्या पोकळ बॉक्सवर. तो बॉक्स सडला की गाडी मधे झोळते आणि दारं लागेनाशी होतात. रंग मारून हे भागत नाही.

दाराची काच खाली-वर होते, म्हणजे काच आणि पत्रा यांच्यात फट राहणारच. तिथून पाणी दारात उतरतं आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ही सोय कारखान्यानेच केलेली असते. आतल्या पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा कागद असतो, तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना कुणी तो कागद फाडला, तर पुठ्ठा फुगतो आणि पायाशी डबकं होतं. बिचारं काचेचं रबर उगाच बदनाम होतं.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवतात. कोकणात त्यात मीठ मिसळतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं. म्हणून खाऱ्या वाऱ्यातून पत्र्यावर बसलेला थर थंडीतल्या कोरड्या दुपारीही पुरता वाळत नाही. पाऊस सहा-सात महिने नसतो, गंजाचं काम मात्र बारमाही चालतं. पुळणीवर गाडी फिरवली, किंवा दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीवर खाडीचे तुषार खालून लागले, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतलेलं बरं. खाडीकाठच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने धुतलं तर मीठ धुण्याऐवजी मीठ लावल्यासारखं होतं.

गंज नेमका आडोशालाच का लागतो, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या प्रयोगातून डोळ्यांना दिसतं. घासलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात फिनॉल्फथॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे रंगाने खूण दाखवणारे पदार्थ घालायचे. काही मिनिटांत थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा. कडेला हवा लागते, तिथे ऑक्सिजन वापरला जातो. मधे ऑक्सिजन कमी पोचतो आणि लोखंड विरघळतं ते तिथे. म्हणजे हवा जिथे कमी, तिथला पत्रा आधी खाल्ला जातो. रबराखालची कड, मडगार्डच्या आत साठलेला चिखल, मॅटखालचा ओला नमदा (फेल्टचा जाड थर), पत्र्याच्या दोन थरांमधली स्पॉट वेल्डिंगची शिवण हे सगळे त्या थेंबाचे मध्यच. शिवणीत तर गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि आतून रेटून थर एकमेकांपासून उकलतो. बाहेर रंगाला छोटे फोड दिसतात तेव्हा आत काम बरंच पुढे गेलेलं असतं.

तपासणी सुरू करावी ती गाडीखालून, आणि कोकणात आधी लाल माती धुऊन. जांभ्याची माती लाल असते ती लोहाच्या ऑक्साइडांमुळे. रसायनाच्या हिशेबाने ती गंजाची जवळची नातेवाईकच. तिच्या लेपाखाली खरा गंज बेमालूम लपतो. धुऊन, वाळवून मग चुंबक घ्या. त्याला पातळ फडकं गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. उंबरा, दारांचा खालचा चार बोटं भाग, पुढच्या मडगार्डची चाकामागची बाजू, मागच्या काचेखालचा डिकीलगतचा भाग. चुंबक जिथे ढिला पडतो तिथे लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली आहे. लांबीचा जाड थर म्हणजे खाली एकतर पोचा तरी आहे, नाहीतर भोक. दुसरा मार्ग कानाचा: स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. धड पत्रा टणकन वाजतो, सडका भद्द आवाज देतो. शंका आली तर टोकाने दाबून पाहा. गाडी विकत घेताना विकणाऱ्याला विचारून दाबा, पण दाबा. मॅट उचलायला कुणी नाही म्हणालं तर उत्तर मिळालंच समजा.

उंबऱ्याच्या बॉक्सला खालून पाणी निघायची भोकं असतात. ती जाड काळ्या अंडरकोटिंगने लिंपलेली असली तर बॉक्सच्या आत पाणी नाही, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आता गळती शोधू. पाणी टपकतं तिथे फट असेलच असं नाही. ते पत्र्याच्या आतल्या कडेने, वायरिंगवरून, पुठ्ठ्यामागून हातभर प्रवास करून टपकतं. आधी गाडी आतून पूर्ण कोरडी करा, मॅट आणि खालचा नमदा काढा, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि रबराच्या आतल्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची, धार बारीक ठेवून. सुरुवात खालच्या कोपऱ्यापासून करा. एका जागी दोन-तीन मिनिटं थांबा, मग वीतभर वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि दोष कुठला ते कळत नाही. पावडरीत जिथे पहिली ओली रेघ उमटेल, तिथल्या रबराला खूण करा.

कधी नळीने काहीच सापडत नाही, पण महामार्गावर पावसात गेलं की गळतं. कारण वाऱ्याचा दाब. ताशी ६० किलोमीटरला काचेवर वारा जेवढा रेटतो, तेवढ्या दाबाने पाणी सुमारे १७ मिलिमीटर वर चढू शकतं; ८०ला सुमारे ३० मिलिमीटर. शिवाय बारीक फट स्वतःच पाणी ओढते. नीट भिजणाऱ्या दोन पृष्ठभागांत एक मिलिमीटरची फट पाणी दीड सेंटीमीटर चढवते, तर दशांश मिलिमीटरची फट पंधरा सेंटीमीटरपर्यंत. रबर तेवढं भिजत नाही, पण धूळ आणि मीठ बसलेलं जुनं रबर भिजतं. म्हणून नजरेला न दिसणारी फट रुंद फटीपेक्षा जास्त छळते. अशा वेळी बाहेरून रबराला साबणाचं पाणी लावून आतून कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने मारावी. बुडबुडा येईल ती जागा.

दारांच्या रबरासाठी कागदाची पट्टी पुरे. पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. थोडी ओढ लागून सुटली पाहिजे. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही. त्यावर लगेच जाड रबर लावू नका. आधी बिजागरी झिजून दार खाली उतरलंय का ते पाहा, मग कुलपाची पट्टी एखादा मिलिमीटर आत सरकवून बघा. पुढच्या त्रिकोणी काचेचं रबर मात्र कडक झालं की बदलण्याशिवाय इलाज नाही.

पुढच्या काचेचं रबर दोन खाचांचं असतं: एका खाचेत काच, दुसरीत पत्र्याची कड. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने ते कडक होतं, आकसतं, कोपऱ्यांवर ताणून तडकतं. कडेखाली फोड दिसत असतील तर वरून मॅस्टिक (फट बुजवायचा चिकट लगदा) भरण्यात अर्थ नाही, काच काढायलाच हवी. बोथट प्लास्टिकच्या पट्टीने रबराची आतली ओठाळी कडेवरून उलटवत न्या आणि आतून तळव्यांनी वरच्या कोपऱ्यापासून हळूहळू रेटा. हातमोजे आणि चष्मा विसरू नका. जुन्या टफन्ड काचेच्या कडेला एक टवका उडाला की सगळ्या काचेचा चुरा होतो.

उघड्या पडलेल्या कडेवर खरं काम आहे. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, मग ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर. पण चकचकीत दिसलं म्हणजे झालं नाही. खड्ड्यांच्या तळाशी मीठ उरतं. गोड्या पाण्याने धुवा, ताबडतोब वाळवा आणि रात्रभर उघडं ठेवा. सकाळी नारिंगी ठिपके उठले तर मीठ आहे. पुन्हा घासा, पुन्हा धुवा. दोन-तीनदा करावं लागतं, आणि नेमकं हेच गॅरेजमध्ये टाळलं जातं. चिकटून राहिलेल्या पातळ गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावता येतो. त्यातलं टॅनिन गंजाशी जुळून काळं, स्थिर संयुग बनवतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की ते काळंशार होतं, तीच ही क्रिया. पूर्वी शाई अशीच करत. पापुद्र्यांवर मात्र कन्व्हर्टर वरवरच बसतो.

त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. नुसतं रेड ऑक्साइड मारून काच बसवणं ही आपल्याकडची जुनी खोड. तो थर सच्छिद्र असतो, वर रंग नसेल तर पाणी आरपार जातं. रंगकाम पावसाळ्यात करूच नये. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी गरम हवा, नाहीतर रंगाखाली न दिसणारा ओलावा कोंडतो. कोकणात याचा अर्थ डिसेंबर ते एप्रिल, आणि तेही सकाळचं दव सुकल्यावर.

कड भोकं पडेपर्यंत खाल्ली असेल तर सडका भाग कापून साधारण २० गेजचा (०.९ मि.मी.) पत्रा जोडतात. उंबरा कापायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाकून ती बांधा, फटींची मापं लिहून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू कापा. घाईत दोन्ही उंबरे कापलेली गाडी मधे बसते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत.

नवं रबर आधी काचेवर चढवा. मीटरने विकत घेतलं असेल तर घेरापेक्षा अर्धा-एक सेंटीमीटर जास्त कापा, म्हणजे दबून बसेल आणि आकसल्यावर सांधा उघडणार नाही. पत्र्याच्या खाचेत ४ मिलिमीटरची नायलॉनची दोरी फिरवा. टोकं खाली मध्यावर वीतभर एकमेकांवरून गेलेली असावीत. अंगाच्या साबणाचं पातळ पाणी लावा. कपडे धुण्याची पावडर नको, तिच्यातले क्षार पत्र्यावर राहतात. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याकडे ओढत जायचं. दोरी निघते तशी ओठाळी कडेवर चढते. एक दिवस रबराला बसू द्या आणि मग बाहेरच्या ओठाळीखाली न सुकणारं बुटाइल मॅस्टिक भरा. सिलिकॉनच हवं असेल तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे घट्ट होताना आम्ल न सोडणाऱ्या प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन घट्ट होताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं. गंज थांबवायला निघालेला माणूस पत्र्यावर आम्ल ओततो, आणि त्या जागी पुढे रंगही धरत नाही.

जळालेलं इंजिन ऑइल खालून फवारायची पद्धतही सोडून द्यावी. त्यात आम्लं असतात आणि रबरावर उडालं तर ते फुगतं. पोकळ बॉक्समध्ये पातळ कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) नळीने सोडावं, तेही आत पूर्ण कोरडं असताना. भोकांतून थेंब गळेपर्यंत. थेंब गळाला म्हणजे वाट मोकळी आहे हेही कळतं.

गाडी ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका, आत दव सुटतं. वर छप्पर आणि बाजूंनी वारा, असा मांगर, म्हणजे उघडी शेड सगळ्यात उत्तम. सारवलेल्या जमिनीतून ओल वर येते, म्हणून गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरा. सुरूच्या झाडाखाली तर गाडी लावूच नये. त्याच्या सुईसारख्या काड्या बोनेटच्या मागच्या जाळीतून आत जाऊन निचऱ्याच्या तोंडाशी असा बोळा करतात की पाणी उलटं फिरून केबिनमध्ये येतं. दारांची आणि उंबऱ्याची भोकं पावसाळ्यात दर पंधरवड्याला साफ करावीत, पण तारेने नाही. तार भोकाच्या कडेचा रंग खरवडते आणि नवा गंज तिथूनच धरतो. माडाची हीर घ्यावी. ती वाकते, मोडत नाही, आणि आतला चिखल किती ओला आहे ते तिच्या टोकाला लागून बाहेर येतं.