लिनक्सवरील चॅट

लिनक्स संगणकावरून तत्काळ संदेश पाठवण्याची साधने. यात ॲपपेक्षा प्रोटोकॉल महत्त्वाचा. संदेश पोचवण्याचे नियम खुले असले, की क्लायंट, म्हणजे संदेश वाचण्या-पाठवण्याचे ॲप, कुणालाही लिहिता येतो.

यांतला सर्वांत जुना प्रोटोकॉल आयआरसी (इंटरनेट रिले चॅट). फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तो १९८८ मध्ये तयार केला. २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून वाद झाला आणि अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प लिबेरा चॅट या नव्या नेटवर्कवर गेले. वापरणाऱ्यांचे इरसी, वीचॅट (WeeChat) हे क्लायंट तेच राहिले, बदलला तो सर्व्हरचा पत्ता. खुलेपणाचा याहून चांगला दाखला नाही. १९९९ मध्ये आलेला जॅबर, म्हणजेच एक्सएमपीपी हा प्रोटोकॉल, ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतो. गूगल टॉक त्यावरच उभा होता. पिजिन या क्लायंटमध्ये गूगल टॉक आणि याहू मेसेंजर एकाच खिडकीत दिसत.

मराठीत लिहायचे तर आयबस या टंकलेखनाच्या साधनातून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड निवडता येतो. अक्षरे दिसण्यासाठी लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट आहे. त्याच्या देखभालीचे मोठे काम रेड हॅटच्या पुणे कार्यालयात झाले. तरीही आयआरसीवर मराठी अवघडते. तिथे एक संदेश फार तर ५१२ बाइटचा, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, ३ बाइट घेते. ‘शनिवारवाडा’ देवनागरीत ३० बाइट, रोमन लिपीत १२. चार ओळींचा प्रश्न विचारला तर मध्येच तुटतो. शिवाय इरसी, वीचॅट ज्यात चालतात त्या बऱ्याच टर्मिनलांत, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडक्यांत, जोडाक्षरे जुळत नाहीत: ‘स्थिती’मधले स आणि थ सुटे पडतात, अक्षराआधी उमटायची ऱ्हस्व वेलांटी नंतर उमटते. मराठीतून गप्पा मारणाऱ्या गटाने आयआरसीचा हट्ट धरू नये.

२०१४ मध्ये सुरू झालेला मॅट्रिक्स हा प्रोटोकॉल त्यांना अधिक सोयीचा. त्यात एका संदेशाची मर्यादा सुमारे ६४ किलोबाइट आहे, आणि एलिमेंट, निओचॅट, फ्रॅक्टल हे क्लायंट जोडाक्षरे नीट दाखवतात. सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो, जुने संदेश नंतर आलेल्यालाही वाचता येतील अशी सोय करता येते.

टेलिग्राम आणि सिग्नल यांची लिनक्स ॲप आहेत, पण दोन्हींना फोन नंबर लागतो. पुण्यात सोसायटीचे पाणी किती वाजता येणार हे मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच कळते. त्याचे लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही. ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडावे लागते, किंवा मॅट्रिक्सच्या ब्रिजमधून, म्हणजे दोन सेवा जोडणाऱ्या दुव्यातून, ते संदेश आपल्या क्लायंटमध्ये आणावे लागतात.