गॅमा साखळी नसलेला उंदीर

संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींपैकी टी-पेशी वाढायच्या तर इंटरल्यूकिन-२ हे सायटोकाइन हवेच, हे प्रतिकारशास्त्रात बराच काळ पक्के धरले गेले होते. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने सोडलेला आणि दुसरीने टिपलेला प्रथिनरूपी निरोप. इंटरल्यूकिन-२ हा निरोप प्रयोगशाळेतल्या टी-पेशींना दिला की त्या भराभर वाढत. त्यामुळे १९९१ साली उंदरांमध्ये त्याचे जनुक निकामी केले, तेव्हा टी-पेशींची मोठी वानवा दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या पिल्लांमध्ये टी-पेशी जवळजवळ नेहमीसारख्याच तयार झाल्या होत्या.

दोनच वर्षांनी माणसांत नेमके उलटे चित्र दिसले. एक्स गुणसूत्राशी निगडित तीव्र प्रतिकारन्यूनता घेऊन जन्मलेल्या मुलग्यांत टी-पेशी जवळपास नसतात आणि किरकोळ संसर्गही त्यांच्या जिवावर बेततो. टेक्सासमधला डेव्हिड व्हेटर याच आजारामुळे निर्जंतुक प्लॅस्टिकच्या दालनात वाढला आणि १९८४ मध्ये वयाच्या १२व्या वर्षी दगावला. या आजाराचे मूळ १९९३ मध्ये सापडले. इंटरल्यूकिन-२ चा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप टिपणारे पेशीवरचे प्रथिन, तीन साखळ्यांचा असतो. त्यांतल्या गॅमा साखळीचे जनुक या मुलांत बिघडलेले होते. निरोप नसला तरी टी-पेशी तयार होतात, पण तो टिपणाऱ्या रिसेप्टरचा एक भाग नसला तर होत नाहीत, हे कसे?

ही साखळी एकट्या इंटरल्यूकिन-२ ची नसणार, हा तर्क लवकरच खरा ठरला. इंटरल्यूकिन-४, ७, ९, १५ आणि २१ यांचे रिसेप्टरही तीच वापरतात. प्रत्येक रिसेप्टरची ओळख पटवणारी साखळी वेगळी, गॅमा मात्र सामायिक. तिचे शेपूट पेशीच्या आत असते आणि त्याला जॅक-३ नावाचे एन्झाइम चिकटलेले असते. सायटोकाइन येऊन साखळ्या जवळ आल्या की हे एन्झाइम जागे होते, मग स्टॅट प्रथिने केंद्रकात जाऊन ठराविक जनुके चालू करतात. जॅक-३ बिघडले तरी जवळजवळ तोच आजार होतो.

१९९५ मध्ये गॅमा साखळीचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. टी-पेशी जिथे घडतात ती त्यांची थायमस ग्रंथी अगदी लहान राहिली, टी-पेशी फार थोड्या होत्या, बाधित पेशींना थेट मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी नव्हत्याच, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीही जेमतेम होत्या. आता प्रश्न होता, यातले कोणते नुकसान कोणत्या सायटोकाइनमुळे? एकेका सायटोकाइनची वाट स्वतंत्रपणे बंद करून पाहिल्यावर हिशेब लागू लागला. इंटरल्यूकिन-७ गेले की टी आणि बी दोन्ही पेशी घटतात, १५ गेले की नॅचरल किलर पेशी. इंटरल्यूकिन-२ चे खरे मोल तर अनपेक्षित ठिकाणी होते. ते नसलेल्या उंदरांना पुढे आतड्याचा दाह झाला, कारण प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना त्याचीच गरज असते.

मला यातला सर्वांत सुंदर वाटतो तो १९९७ चा प्रयोग. गॅमा साखळी नसलेल्या उंदरांच्या पेशींना बीसीएल-२ हे पेशीमृत्यू रोखणारे प्रथिन जादा मिळेल अशी सोय केली, आणि टी-पेशी परत दिसू लागल्या. म्हणजे कोवळ्या टी-पेशींसाठी या साखळीचे मोठे काम होते ते त्यांना जगवण्याचे. बी-पेशी आणि नॅचरल किलर पेशी मात्र या उपायाने परतल्या नाहीत. त्यांना नुसते जगणे पुरत नव्हते.

बी-पेशींबाबत उंदीर आणि माणूस यांची फारकत होते. गॅमा साखळी बिघडलेल्या बाळांच्या रक्तात बी-पेशी भरपूर असतात; त्या उपयुक्त प्रतिपिंडे तयार करू शकत नाहीत, एवढेच. उंदराच्या बी-पेशींना घडताना इंटरल्यूकिन-७ लागतेच, माणसाच्या बी-पेशी त्याच्याविना घडू शकतात. एकच जनुक, एकच साखळी, तरी परिणाम वेगळे. म्हणून उंदरावरून माणसाबद्दल बोलताना प्रत्येक पेशीप्रकाराची स्वतंत्र पडताळणी करावी लागते, आणि ती टाळणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिकारशक्तीची ही उणीव संशोधनात फार उपयोगी पडली. टी आणि बी पेशी घडू न देणारा आणखी एक जनुकीय दोष असलेल्या उंदरांतूनही गॅमा साखळी काढली, तेव्हा परक्या पेशींना जवळजवळ विरोधच न करणारे उंदीर मिळाले. एनएसजी नावाच्या अशा उंदरांत माणसाच्या रक्तमूलपेशी रुजतात, कर्करोगाच्या गाठी वाढवून त्यांवर औषधे तपासता येतात, एचआयव्हीचाही अभ्यास होतो. फक्त माणसाच्या नॅचरल किलर पेशी त्यांच्यात नीट वाढत नसत, कारण उंदराचे इंटरल्यूकिन-१५ मानवी पेशींवर फारसे चालत नाही. त्यासाठी आता अशा काही उंदरांत माणसाच्या इंटरल्यूकिन-१५ चे जनुक घातले जाते.