लिंकन यांचे वडील ‘भटके’ नव्हते

अब्राहम लिंकन यांचे वडील थॉमस आळशी, कुठेच न टिकणारे, म्हणून कुटुंबाची फरफट झाली, असं अजूनही सांगितलं जातं. हा त्या कष्टाळू सुतारावर अन्याय आहे.

१६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या सॅम्युअल लिंकन यांचे वंशज न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया करत केंटकीत पोचले. तिथे जमिनीच्या हद्दी झाडं, ओढे, दगड धरून मोजलेल्या. एकाच तुकड्यावर अनेकांचे दावे. थॉमस यांनी पैसे मोजून घेतलेली शेतंही वादात सापडली. इंडियानात मात्र सरकारी चौकोनी मोजणी होती, म्हणून मालकीची खात्री. १८१६ मध्ये ते ओहायो नदी ओलांडून तिकडे गेले. १८६० मध्ये खुद्द अब्राहम यांनी लिहिलं आहे: स्थलांतर काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्काच्या अडचणींमुळे झालं.